फाटकापाशी थांबणारे वाक्य

यशोधराताई रामटेके बोलता बोलता मध्येच थांबत. शब्द आठवला नाही म्हणून नव्हे, किंवा समोरच्याचे काही खटकले म्हणूनही नव्हे. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीकडेने मांडलेल्या टेबलांवरून खेळण्यातल्या विटांची आगगाडी फिरत असे. ती खिडकीजवळच्या एका ठरावीक जागी येऊ लागली की ताई असतील त्या शब्दावर थांबत, उजव्या हाताचा तळवा किंचित वर करीत, आणि गाडी पुढे गेली की जिथे वाक्य सोडले होते तिथूनच ते पूर्ण करीत. एक शब्द गाळत नसत, एक शब्द पुन्हा उच्चारत नसत. मी पस्तीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली. शिकवताना शिपाई सूचनावही घेऊन आत आला की माझे सूत्र हमखास सुटे. ताईंचे कधी सुटलेले मी पाहिले नाही.

निवृत्तीनंतर आम्ही कसबा पेठेतली जागा सोडून हडपसरला राहायला आलो. आमचे यजमान याला आजही ‘परगावी आलो’ असेच म्हणतात. नव्या घरात रोज दुपारी चारच्या सुमारास छतावर एक आवाज फिरू लागे. बारीक गुणगुण, आणि तिच्यात ठरावीक अंतराने टिकटिक. यजमानांचे मत पडले की वरच्या बाईंनी शिवणकाम सुरू केले असून त्या यंत्र ढकलत घरभर शिवत हिंडतात. मी मात्र तो आवाज घड्याळ लावून मोजला. अठ्ठेचाळीस सेकंदांनी तो त्याच जागी परत येत होता. म्हणजे मार्ग बंदिस्त होता, वेग स्थिर होता, आणि कोपऱ्यांत तो काटकोनात न वळता वर्तुळाच्या चापाने वळत होता. एवढे कळल्यावर मला खाली बसवेना. मी वर गेले.

दार उघडणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, कानावर पेन्सिल. त्यांनी मला आत घेतले, खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या, “मीच येणार होते जी तुमच्याकडे, आवाजाचं विचारायला. तुम्हाला त्रास—” आणि तळवा वर झाला. मी वळून पाहिले. तांबूस डब्यांची एक गाडी खिडकीजवळून गेली. तळवा खाली आला. “—होत असेल तर टेबलांच्या पायांखाली घोंगडी घालते.”

त्रासाचे मी विसरूनच गेले. बाकीच्या टेबलांवर स्टेशने होती, झाडे होती, पूल होता, आणि गाडी जिथून जाताना त्या थांबल्या तिथे काहीच नव्हते. कोरी फळी आणि तीवर पेन्सिलीची एक फुली. तिथे काय आहे, असे मी विचारले.

“अजून काही नाही,” त्या म्हणाल्या. “तिथं आमचं घर आहे.”

ताई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. पाटबंधारे खात्यात त्यांनी आरेखक म्हणून नोकरी केली, म्हणजे कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढले. बदली होऊन पुण्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केले नव्हते. धाकटा भाऊ नागपूरला होता. वडील रेल्वेत फाटकवाले होते, अरुंद रुळांच्या एका छोट्या लाइनवर. ती लाइन आता राहिलेली नाही. रूळ रुंद झाले, छोटी स्टेशने पाडली गेली, फाटकाच्या जागी भुयारी रस्ता आला. ताईंनी ती लाइन आपल्या हॉलमध्ये पुन्हा टाकायला घेतली होती. जंक्शनपासून आरंभ करून एकेक स्टेशन, एकेक नाला, गाडीच्या खिडकीतून ज्या क्रमाने दिसे त्याच क्रमाने. मधले सोडून पुढचे बांधायचे नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे ज्या घरासाठी हा सारा खटाटोप, ते फाटकाशेजारचे घर सर्वांत शेवटी येणार होते. गाडी मात्र रोज त्या रिकाम्या जागेवरून जाई आणि ताई रोज तिथे गप्प होत.

“गाडी येऊन राहिली म्हटलं की घरात सगळे चूप,” असे त्या सांगत. “आईचा जात्यावरचा हातसुद्धा थांबायचा. बाबा गाडी पाहायचे कमी, ऐकायचे जास्त. कुठं चाक घासून राहिलं, कुठं साखळी लोंबून राहिली, ते कानाला आधी कळते. आपण बोललो तर त्यांना ऐकू कसं येईल?” एरवी ताईंचे मराठी पुस्तकातल्यासारखे नेटके असे. त्या फाटकापाशी पोहोचल्या की मात्र ते ‘येऊन राहिली’, ‘घासून राहिलं’ असे मूळ गावी जाऊन येई.

ज्यांनी हे खेळणे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. या प्लास्टिकच्या विटांवर गोल उंचवटे असतात. ते खालच्या विटेचे वरच्या विटेत बसतात आणि भिंत उभी राहते. ताई त्यांना ‘दाणे’ म्हणत आणि सारी मोजमापे दाण्यांत करीत. सरळ रुळाचा एक तुकडा सोळा दाण्यांचा. वक्र तुकडे सोळा जोडले की पूर्ण वर्तुळ होते, म्हणजे एका तुकड्याचा कोन साडेबावीस अंश. दोनच तऱ्हेचे तुकडे, परंतु त्यांतून लाइन वळवायची, पुलावर चढवायची आणि दिवाणखान्याच्या चार भिंतींत परत आणून पहिल्या सांध्याला जुळवायची, हे काम दिसते तितके सोपे नाही. आमची मैत्री या साडेबावीस अंशांवर झाली. मी कागदावर कोन मांडून द्यायची, त्या फळीवर रूळ मांडायच्या.

त्यांच्या गावच्या गाडीचा संच अर्थातच कुठे विकत मिळत नाही. ताई परदेशी गाड्यांचे संच मिळवत. चकचकीत, टोकदार नाकाच्या, वेगवान गाड्या. पण तो संच आणल्याबरोबर मोडायचा नाही. आधी सोबतच्या पुस्तिकेतली चित्रे मला सांगायला लावून, एकही वीट इकडची तिकडे न करता, ती गाडी पूर्ण बांधायची. मग तिला आपल्या लाइनवर एक फेरा द्यायचा. ती तांबड्या कौलांच्या स्टेशनांवरून पाहुण्यासारखी मिरवत जाई. नंतरच ती सुटी व्हायची आणि तिच्या विटांतून बांधून झालेल्या स्टेशनांच्या भरीला पाण्याची टाकी, मालधक्का, पळसाचे झाड असे काहीबाही होई. या फेऱ्याचे कारण मी विचारले तेव्हा ताईंनी माझ्याकडे नवलाने पाहिले. “कोणीतरी बसून आखलंय ना ते? आखणाऱ्याचा एक फेरा असतो. माझे किती नकाशे कपाटात राहिले, बाई. कालव्याचा एकही दरवाजा झाला नाही त्यांचा.”

एकदा गाडीच्या मोटारीची तार तुटली म्हणून आम्ही दोघी बुधवार पेठेत गेलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या त्या बोळात दुकानदाराने तार हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि पेपरातून डोके न काढता विचारले, “नातवासाठी का?”

“नाही,” ताई म्हणाल्या. “वडिलांसाठी.”

आता त्याने डोके काढले. “वडील खेळतात अजून?”

“खेळत नाहीत. ड्यूटीवर आहेत.”

दुकानदाराने आमच्या दोघींच्या पांढऱ्या केसांकडे आळीपाळीने पाहिले. त्याने तार जोडून दिली आणि पैसे घेताना, बाबांना आमचा नमस्कार सांगा, असे अगदी कोरड्या चेहऱ्याने म्हणाला. ताईंनी तो घरी येऊन फुलीपाशी खरोखर सांगितला.

ताईंचा दुसरा नियम सांध्यांचा होता, आणि तो मी माझ्या चुकीतून शिकले. नाल्यावरचा पूल बसवताना शेवटचा तुकडा अर्ध्या दाण्याने कमी पडला. मी अंगठ्याने दाबला. कट असा आवाज झाला आणि तो बसला. गाडी दोन फेरे नीट गेली. तिसऱ्या फेऱ्याला ती घसरली, पण पुलावर नव्हे, तर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, दारामागच्या वळणावर, जिथे मी हातही लावला नव्हता. ताईंनी डबे उचलून ठेवले आणि पुलाजवळ येऊन मी दाबलेला सांधा अलगद सोडवला. त्यांनी तो दाबताना ऐकला होता. “जोर लागला म्हणजे मोजमाप चुकलं,” त्या म्हणाल्या. “आणि चूक दाबली तिथं नाही निघत, बाई. दुसरीकडेच निघते.” मग आम्ही मोजमाप तपासले. वळणाच्या मापात मी अर्धा दाणा जास्त धरला होता. मुलांच्या वह्यांत अशा चुकीला मी सबंध गुण कापत असे.

यापुढचे सांगताना मला अजूनही संकोच वाटतो.

ताईंच्या हॉलच्या एका भिंतीला रॅक होता आणि त्यावर बेचाळीस पारदर्शक बरण्या. लोणच्याच्या, बिस्किटांच्या, कसल्याकसल्या. त्यांपैकी डावीकडच्या एकोणतीस रिकाम्या आणि उरलेल्या तेरा विटांनी भरलेल्या होत्या. पण कशा! एकाच बरणीत पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या, लांब, आखूड, उतरत्या, गोल अशा सगळ्या विटा एकत्र. एकीवरही चिठ्ठी नाही. इतक्या काटेकोर बाईंचे हे एवढेच कसे राहिले, असे मला नेहमी वाटे. माझ्या वर्गातल्या कपाटात कर्कटक, कोनमापक आणि गुण्या वेगवेगळ्या खोक्यांत, प्रत्येकावर नाव, अशी मांडणी होती, आणि नवे शिक्षक ती पाहायला येत.

त्या वर्षी दिवाळीनंतर ताई तीन आठवडे भावाकडे नागपूरला गेल्या. घराची किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला. मी मनाशी ठरवले की त्या येईपर्यंत बरण्या लावून ठेवायच्या. त्यांना विचारलेस का, असे यजमान म्हणाले. चांगल्या कामाला काय विचारायचे, असे मी उत्तर दिले. “बरोबर,” ते म्हणाले. “विचारलं तर नाही म्हणायची भीती.”

रोज सकाळी वर जाऊन मी तेरा बरण्या सतरंजीवर ओतल्या आणि निवडल्या. आधी रंग, मग आकार, मग दाण्यांची संख्या. विटांत माणसांच्या छोट्या बाहुल्याही होत्या. त्यांचेही मी सुटे भाग करून डोकी डोक्यांत, टोप्या टोप्यांत, धडे धडांत आणि पाय पायांत लावले. प्रत्येक बरणीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवली. अठरा दिवस लागले. आयुष्यात फार थोडी कामे माझ्या हातून इतकी निर्दोष झाली असतील.

ताई शनिवारी आल्या. रविवारी मी त्यांचा आनंद पाहायला वर गेले. गाडी सुरू होती. मी काही सांगितले नाही. ताई रॅकपाशी गेल्या, तिसाव्या बरणीवर सरळ हात ठेवला, ती काढली, झाकण उघडले आणि आत हात घातला. बोटे थांबली. ती बरणी ठेवून त्यांनी पुढची घेतली, मग त्यापुढची. मग अंगठ्याने बरणीवरची चिठ्ठी चाचपली आणि विचारले, “बाई, यावर काय लिहिलंय?”

“‘पांढऱ्या, लांब, आठ दाणे,’” मी म्हणाले.

“छान अक्षर असेल,” त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. गाडी खिडकीजवळून, फुलीवरून गेली. त्यांचा तळवा वर झाला नाही. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच असे झाले होते, आणि मला तेव्हा कळले की काहीतरी फार मोठे बिघडले आहे.

मग त्या बोलल्या. “मधलं गेलंय, बाई. कडा दिसतात. आत्ता तुमचे कान दिसून राहिले, चेहरा नाही.”

डोळ्यांचे पडदे मधोमध निकामी होत होते आणि हे त्यांना सहा वर्षांपूर्वीच सांगितले गेले होते. नागपूरला त्या त्याच तपासणीसाठी गेल्या होत्या. कडांचाही भरवसा धरू नका, वर्षभर धरा, असे तिथे सांगितले होते. सहा वर्षांपूर्वी नजर चांगली असताना त्यांनी सबंध लाइनला लागणारी एकेक वीट निवडून ठेवली होती. पहिल्या बरणीत जंक्शन, बेचाळिसाव्या बरणीत फाटक आणि घर. प्रत्येक बरणीत त्या त्या टप्प्याला लागेल तेवढेच, रंगासकट. पुढे डोळे नसले तरी चालणार होते. क्रमाने हात घालायचा आणि बोटांनी बांधायचे. आकार बोटाला कळतो. रंग कळत नाही, म्हणून तो आधीच निवडलेला. त्या बरण्यांत अव्यवस्था नव्हतीच. मी आजवर पाहिलेली सर्वांत विचारपूर्वक केलेली मांडणी मी अठरा दिवस खपून मोडली होती.

मग मला एकेक आठवू लागले. समोर पाहताना मान किंचित वळवणे. चहाच्या कपाच्या कडेवर बोट ठेवून चहा ओतणे. बुधवारातली पावती मला वाचायला देणे. मुलांनी निरीक्षण करावे म्हणून मी जन्मभर छडी आपटली होती.

मी माफी मागू लागले. रात्रंदिवस बसून सगळे होते तसे करून देते, असे काहीसे म्हणाले. ताईंनी ऐकून घेतले. “जोर लावू नका,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला माहीत आहे का तिसाव्या बरणीत काय होतं? नाही ना? मग कशाला रात्रंदिवस. जिथं सुटलं तिथनं धरू. मी सांगते, तुम्ही वेचा.”

खाली आले तेव्हा यजमानांनी माझ्याकडे पाहिले आणि पेपर खाली ठेवला. चहा त्यांनी केला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसू लागलो. ताई डोळे मिटून घेत आणि सांगत. “नाला ओलांडला. उजव्या हाताला तीन पळस. मधला वाकडा, वीज पडलेली. मग मुरमाचा ढीग, गँगवाल्यांची झोपडी, तिला दार नाही, पोतं लावलेलं.” मी ते शंभर पानी वहीत लिहून घ्यायची, मग बरण्यांतून वेचायची. वाकड्या पळसाला तपकिरी की करडे खोड, पोत्याला कुठला रंग, असे विचारायची. त्या विचार करून सांगत. कधी म्हणत, “संध्याकाळचा सांगू की सकाळचा?” नाल्यापासून फाटकापर्यंतची गाडीची ती पंधरा मिनिटांची वाट त्यांना गेल्या आठवड्यात पाहिल्यासारखी आठवत होती. एक मात्र मला सक्त मना होते. मी वेचायचे, हातावर ठेवायचे. बांधायचे त्यांनीच.

हिवाळाभर आम्ही असे तीस, एकतीस, बत्तीस करीत पुढे सरकलो. ताईंचा वेग मंदावत गेला. आधी त्या मान वळवून कडेने पाहत. पुढे मान वळवणेही सोडले. कधी वीट बोटांतून निसटे आणि आम्ही दोघी टेबलाखाली शिरून चाचपत बसू. त्यांना ती बोटांनी आधी सापडे, मला डोळ्यांनी नंतर. मार्चमध्ये चाळीस संपले. त्याच सुमारास एकदा त्या खुर्चीत बसूनच म्हणाल्या की नाल्यापुढचा तिसरा सांधा सैल झालाय. मी जाऊन पाहिले. तिसराच होता. केसाएवढी फट पडली होती.

बेचाळिसावी बरणी उन्हाळ्यात आली. घर लहान होते. चुन्याच्या भिंती, खाली तपकिरी पट्टा, दाराची उंची एवढी कमी की बाबांना वाकून आत जावे लागे, म्हणून ताईंनी दार मुद्दाम पाचच विटा उंच केले. बाहेर दगडी बाक. बाकावर कोण बसायचे ते मी विचारले नाही, कारण बाकावर एका लहान मुलीपुरतीच जागा होती. फाटकाचे दांडे बसले. कडुलिंब झाला. शेवटी ताईंनी हात पुढे करून म्हटले, “आता बाबा द्या.”

मी ‘डोकी’ असे लिहिलेली बरणी हातात घेतली आणि सतरंजीवर ओतली. निळा सदरा, खाकी पाय, गोल टोपी हे ताईंनी सांगितले आणि मला सापडले. परंतु डोके? या बाहुल्यांचे चेहरे छापलेले असतात. बोटांना सगळी डोकी सारखी, पिवळी, गुळगुळीत, वाटाण्याहून जराशी मोठी. सहा वर्षांपूर्वी ताईंनी डोळ्यांनी पाहून एक निवडले होते, आणि मी ते उचलून तेवीस डोक्यांत टाकले होते.

“हसत नाही असा,” ताई म्हणाल्या. “या खेळण्यातली सगळीच माणसं हसत असतात. शोधायला किती दिवस गेले मला. हसत नाही, पण रागावलेलाही नाही.”

तेविसांत न हसणारे तिघे निघाले. एकाच्या भुवया चढलेल्या होत्या, तो बाद झाला. उरलेले दोन, दोन्ही सरळ ओठांचे, दोन्ही शांत. मी पुन्हा पुन्हा पाहिले. त्या क्षणी मी कुठलेही एक हातावर ठेवले असते तर ताईंनी ते घेतले असते. त्यांना कधीही कळले नसते. तो सांधा दाबण्याचा मोह मला झाला नाही असे मी म्हणणार नाही.

मी खरे ते सांगितले. दोन आहेत, मला ठरवता येत नाही.

ताईंनी हातातले निळे धड फिरवून पाहिले. मग म्हणाल्या, “मागून पाहा. काही काही डोक्यांना मागच्या बाजूलाही चेहरा असतो.”

मी पहिले फिरवले. मागे कोरे पिवळे. दुसरे फिरवले. मागच्या बाजूला तोच माणूस होता, पण डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडून तो हसत होता.

“दुसऱ्याला मागे चेहरा आहे,” मी म्हणाले. “हसतोय.”

“तेच बाबा,” ताई म्हणाल्या आणि हात पुढे केला. “गाडीकडे तोंड असलं की हसायचे नाहीत. ड्यूटी. गाडी गेली की मागं वळून बाकाकडं पाहायचे.”

त्यांनी डोके धडावर बसवले, टोपी घातली आणि मला विचारून विचारून तोंड रुळांकडे केले. टोपीच्या मागच्या कडेखाली ते हसू अर्धेमुर्धे दिसत राहिले, दगडी बाकाच्या दिशेने. मग ताईंनी गाडी सुरू केली. खिडकीजवळ ती आली तेव्हा तळवा वर करण्याची गरज नव्हती, कारण आम्ही कोणीच बोलत नव्हतो. तरीही तो वर झाला.

पुढचे दीड वर्ष ताई त्या खुर्चीत बसून गाडी ऐकत. कडाही गेल्या होत्या. पूल आला की टिकटिक पोकळ होते, दारामागच्या वळणावर चाके बारीक घासतात. त्यांना सगळे कळे. कुणी भेटायला आले तर त्या लाइन सांगत, आणि सांगताना गाडी जिथे असे नेमके तिथलेच वर्णन चाललेले असे. मग एका संक्रांतीनंतर चार दिवसांच्या तापाचे निमित्त झाले आणि त्या गेल्या. भाऊ नागपूरहून आले. त्यांनी टेबलांवरून हात फिरवला, बाकापाशी बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले की हे हलवायचे कसे, त्यांना कळत नाही. मला कळत होते. माझ्याकडे वही होती.

बेचाळीस ते एक अशा उलट क्रमाने आम्ही लाइन सोडवली आणि बरण्या भरल्या. चिठ्ठ्या मी कधीच काढून टाकल्या होत्या. यजमानांनी दोन-दोन बरण्या छातीशी धरून जिन्याने उतरवल्या, आणि एकदाही, सामान परगावी चाललंय का, असे विचारले नाही. आमच्या हॉलमध्ये एक ते बेचाळीस पुन्हा बांधायला मला सात महिने लागले. बाबांना मात्र मी सुटे केले नव्हते. त्यांना मी हातात घेऊन खाली आणले.

आता गाडी रोज चार वाजता आमच्याकडे सुटते. आमचे छत आता कोणाचीच जमीन उरलेले नाही, वर शांतता असते. काल यजमान पेपर चाळत बसले होते. मी आत चहा ठेवला होता. त्यांनी नेहमीच्या सुरात हाक मारून सांगायला सुरुवात केली की आज आले जरा—

आणि थांबले. मी दारातून पाहिले. गाडी खिडकीजवळ आली होती. यजमानांचा पेपर खाली झाला होता. तळवा वर नव्हता, तेवढे त्यांना जमत नाही, पण मान रुळांकडे वळली होती. शेवटचा डबा फाटकावरून गेला.

“—जास्त घाल,” ते म्हणाले आणि पेपर पुन्हा वर केला.